बाबा फौजेत, घर कोकणात: मुलांना वाढवताना

कोकणातल्या घरांना बाबा घरी नसण्याची सवय जुनी आहे. कुणाचे मुंबईला गिरणीत असायचे, कुणाचे गोदीत, कुणाचे बोटीवर. पण चाकरमानी बाबा गणपतीला येणार एवढं तरी पोराला पक्कं ठाऊक असायचं. फौजीच्या पोराला तेही ठाऊक नसतं. महाडजवळच्या फौजी आंबवड्यापासून खाली सावंतवाडीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जाणारी घरं आहेत. तिथली मुलं बापाचं लांब असणं बहुतेक वेळा निभावून नेतात. त्यांना जड जातं ते कुणी काही नीट न सांगणं: बाबा कधी येणार, शाळा कधी बदलणार, आई फोन ठेवल्यावर गप्प का झाली. खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी ही अनिश्चितता जमेल तेवढी कमी करण्यासाठी आहेत. त्या आईसाठी, आजी-आजोबांसाठी आणि रजेवर येणाऱ्या बाबांसाठी आहेत. आठवी-नववीतल्या मुलांनी स्वतः वाचल्या तरी चालतील.

रजेची तारीख मुलांना कशी सांगावी

जवानाला कागदोपत्री वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. प्रत्यक्षात ती तुकड्यांत मिळते, युनिटमधल्या किती जणांनी एका वेळी बाहेर जायचं याला मर्यादा असते, आणि मंजूर झालेली रजाही ऐनवेळी रद्द होऊ शकते. त्यात रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होतं. गणपतीच्या कोकणगाड्या पहिल्या काही मिनिटांतच भरतात. म्हणजे रजा मिळाली तरी तिकीट नाही, किंवा तिकीट आहे पण रजा नाही, असं होतच राहतं.

म्हणून वयाप्रमाणे वेगवेगळं सांगा. पाच वर्षांखालच्या मुलाला बाबा गाडीत बसल्यावरच सांगायचं. त्याआधीचं 'लवकरच' त्याला कळत नाही आणि ते रोज दाराशी जाऊन बसतं. सहा ते दहा वयात तारीख न सांगता सण सांगा: 'शिमग्याच्या आसपास', 'भातकापणी झाल्यावर'. तिकीट हातात आलं की भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने गोल करा. पेन वापरू नका. तारीख पुढे गेली तर मुलानेच रबराने खोडून नवा गोल काढावा. शाईतली काट मारलेली तारीख महिनाभर डोळ्यांसमोर राहते. अकराच्या पुढच्या मुलांना मात्र सगळं खरं सांगा, कारणासकट.

रजा रद्द झाली तर ती बातमी बाबांनी स्वतः मुलाला सांगावी. आईने सांगितली की राग आईवर निघतो, आणि तो महिनाभर तिथेच राहतो. त्याच फोनवर नवी तारीख देऊ नये. 'पुढच्या महिन्यात नक्की' हे वाक्य तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण ते दोनदा खोटं ठरलं की मूल बाबांचं कुठलंच बोलणं धरत नाही.

वाढदिवस बाबांसाठी अडवून ठेवू नका. त्या दिवशी करा, आणि बाबा आले की पुन्हा एकदा घावणे-रस करून करा. दोनदा वाढदिवस झाल्याची तक्रार कुठल्याच मुलाने केलेली नाही.

प्रवासाचे दिवसही मुलाच्या हिशेबात बसवा. जम्मूहून निघालेला माणूस दिल्ली गाठतो, तिथून मंगला एक्सप्रेस धरतो किंवा मुंबईला उतरून कोकणगाडी पकडतो. वाटेत गाड्यांची जोडणी चुकली तर तिसरा दिवस उजाडतो. पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेवर गाड्या हळू धावतात आणि दरड आली तर थांबतात. भारताच्या नकाशावर मार्ग काढा, पुढे पनवेल, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशी स्थानकं लिहा आणि बाबांचा फोन येईल तसतशी मुलाला खूण करू द्या. भूगोल शिकवायला याहून चांगला धडा मिळणार नाही.

फोन, आणि फोन लागत नाही तेव्हा

पुढच्या चौकीवरून फोन रोज ठरल्या वेळी येत नाही. म्हणून 'रात्री आठला बाबांचा फोन' अशी सवय लावू नका. साडेआठला मूल रडकुंडीला येतं आणि आईच्या पोटात गोळा येतो. 'जमेल तेव्हा करतील, नाही जमला तर काम आहे' एवढंच घरात बोललं जावं.

फोन पाच मिनिटांचा असतो. त्यातली तीन 'अभ्यास केलास का, आईला त्रास देतोस का' यात जातात आणि मुलाला फोन म्हणजे तपासणी वाटायला लागते. उपाय सोपा आहे. दुपारीच आईने बाबांना तीन ओळींचा निरोप पाठवून ठेवायचा: आज कबड्डीत पडला, गुडघा सोलला, मांजरीला पिल्लं झाली, चौथीच्या बाईंनी निबंध वाचून दाखवला. बाबांनी थेट तिथूनच सुरुवात करायची. 'पिल्लं किती, रंग कुठले?' असं विचारलं की मूल आपोआप बोलतं.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी बाबांनी रजेवर असतानाच गोष्टी, बडबडगीतं, 'झोप आता' असं काहीबाही ध्वनिमुद्रित करून ठेवावं. ते फोनमध्येच साठवा, म्हणजे नेटची गरज लागत नाही.

आता एक बाब खास कोकणची. आपल्याकडे संपर्क तुटतो तो बऱ्याचदा गावाच्या बाजूने. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्गाला तसंच झोडपलं. तिकडे सीमेवर बसलेल्या माणसाला घरच्यांचं काय झालं ते कळत नाही, आणि इकडे मुलांना बाबांचा आवाज नाही. यासाठी पावसाआधी, मे महिन्यातच, तीन गोष्टी करून ठेवा. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं हवीत, कारण आपल्या दरीत एकाचीच रेंज येते आणि नेमका तोच टॉवर पडतो. भरलेली पॉवर बँक हवी. आणि मुंबईला किंवा पुण्याला असलेला एक नातेवाईक 'मधला माणूस' म्हणून ठरवायचा: दोन्हीकडचा निरोप त्याच्याकडे जमा होईल, आणि त्याचा नंबर बाबांना, आईला आणि दहा वर्षांवरच्या मुलांना तोंडपाठ असेल.

घरातला फोटो

गणवेशातला बाबांचा फोटो माजघरात उंचावर, खापरपणजोबांच्या रांगेत लावू नका. आपल्याकडे त्या उंचीवर आणि त्या रांगेत कोण असतं हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. शेजारचं कुणी हार घालून जातं तेव्हा तर फारच. फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, अभ्यासाच्या टेबलाशी किंवा दाराच्या चौकटीजवळ. गणवेशातल्यापेक्षा बनियनवर विहिरीचं पाणी काढताना, खांद्यावर मुलाला घेतलेला असा कुठला तरी साधा फोटो बरा.

रजेचे पहिले आठ दिवस आणि शेवटचे तीन

भांडणं याच दिवसांत होतात, आणि कारणं ठरलेली असतात. बाबा नसताना घराची एक घडी बसलेली असते: कोण कधी उठतं, कुणाच्या डब्यात काय, संध्याकाळचा टीव्ही किती. बाबा पहाटे पाचला उठणारे, दाढी-आंघोळ उरकून सहाला अंगणात उभे. त्यांना दिसतं ते लोळणारं पोर. पहिल्याच सकाळी शिस्तीचं भाषण झालं की पुढचे पंधरा दिवस वाया जातात.

पहिला आठवडा बाबांनी घरातला एकही नियम बदलू नये आणि पहिल्या संध्याकाळी प्रगतिपुस्तक मागू नये. त्याऐवजी मुलाचं एक रोजचं काम अंगावर घ्यावं: शाळेत सोडणं, नदीवर पोहायला नेणं, सायकलची साखळी बसवणं. दोन-तीन वर्षांचं मूल बाबांना ओळखत नाही, आईच्या पदराआड जातं. त्याला ओढून मांडीवर घेऊ नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसून काहीतरी करत राहा, दोन दिवसांत ते आपणहून येतं. आजी-आजोबांनी 'अरे, हे तुझे बाबा ना, जा की' म्हणत ढकलणं बंद करावं. आईनेही वर्षभर 'थांब, बाबा आले की सांगते' म्हणून धमकावलं असेल, तर बाबांच्या येण्याची भीती तिनेच पेरलेली असते. हे वाक्य फौजीच्या घरात नकोच.

शेवटचे तीन दिवस मूल बिथरतं. जेवत नाही, उगाच भांडतं, 'जा तुम्ही' असंही म्हणतं. निरोपाचं दुखणं कमी व्हावं म्हणून ते आधीच दूर होतं. त्याला मारू-रागावू नये. ट्रंक सगळ्यांसमोर भरा. काळी लोखंडी पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर, कडीला पितळी कुलूप: ती मुलाच्या देखत उघडावी, खालच्या थरात कपडे त्यानेच रचावेत, आणि एखादी त्याची वस्तू, चित्र किंवा शंख, कोपऱ्यात ठेवावी. झोपेत असताना निघून जाणं ही सगळ्यात मोठी चूक. गाड्या रात्री-अपरात्री असतात, मूल रडेल म्हणून त्याला उठवत नाहीत. ते रडणं एकदाच होतं. न सांगता गेलात तर मूल पुढे कित्येक रात्री झोपायलाच घाबरतं. उठवा, दोन मिनिटं जवळ घ्या, 'मी निघालो' म्हणा आणि मग निघा.

गावात राहायचं की सोबत जायचं

फील्ड पोस्टिंगला, म्हणजे सीमेवर किंवा कारवाईच्या भागात, कुटुंब नेता येत नाही. पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, नेता येतं, पण क्वार्टरची प्रतीक्षायादी असते, आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा सामान बांधायचं असतं. दरवेळी जायलाच हवं असं नाही. आमचं मत असं: पाचवीपर्यंत जमेल तितकं सोबत जावं, कारण या वयात मूल भाषा आणि मित्र पटकन पकडतं आणि बाबांचा सहवास सर्वांत जास्त याच वयात लागतो. नववीनंतर मात्र मुलाला हलवू नये. सीबीएसईची दहावी-बारावीची नोंदणी नववी-अकरावीतच होते, आणि दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश पालकाच्या बदलीसारख्या कारणाशिवाय मिळत नाही. नववीच्या आधी एक जागा ठरवा आणि तिथे चार वर्षं पाय रोवा.

शाळा बदलताना सगळ्यात आधी आडवं येतं ते वेळापत्रक. केंद्रीय विद्यालय आणि सीबीएसईच्या शाळा १ एप्रिलला सुरू होतात, आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला. गावातून जूनमध्ये निघून केंद्रीय विद्यालयात गेलेलं मूल जवळजवळ महिनाभराच्या धड्यांनी मागे असतं, गणितात हे लगेच जाणवतं. जाणार हे ठरलं की एनसीईआरटीची पुस्तकं एप्रिलमध्येच आणा (ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात) आणि गणिताचे पहिले तीन धडे मे महिन्यात उरका. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशात केंद्र सरकारी कर्मचारी आणि माजी सैनिक यांच्या मुलांना पहिला प्राधान्यक्रम असतो. कोकणात रत्नागिरीला केंद्रीय विद्यालय आहे.

उलट दिशेने, म्हणजे पंजाब-आसामातून गावच्या शाळेत येणाऱ्या मुलाचं अडतं ते मराठीत. त्याला हिंदी वाचता येतं म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण ळ त्याला येत नाही, 'चांगला' आणि 'चार' यातला च तो एकसारखाच उच्चारतो, 'तऱ्हा', 'सुऱ्या' पाहून थबकतो, आणि नपुंसकलिंग हिंदीत नसल्यामुळे 'ते झाड पडला' असं लिहितो. रोज वीस मिनिटं पुरतात: दहा मिनिटं मोठ्याने वाचन, पाच मिनिटं शुद्धलेखनाच्या चार ओळी, पाच मिनिटं तो, ती, ते लावून दहा नामं. तीन महिन्यांत फरक दिसतो. घरची मालवणी किंवा संगमेश्वरी बोली मात्र कुठेही गेलात तरी सोडू नका. आजीने फोनवर 'जेवलंस काय रे?' असंच विचारावं आणि मुलाने त्याच बोलीत उत्तर द्यावं. गावी आल्यावर चुलत भावंडांत ते बुजत नाही.

नवोदय विद्यालयाचा नियम नीट पाहून ठेवा, इथे फौजींची मुलं हमखास अडकतात. ज्या जिल्ह्याच्या नवोदयला सहावीत प्रवेश हवा, त्याच जिल्ह्यात मूल पाचवीत शिकत असलं पाहिजे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. मूल पाचवीत फिरोजपूरला असेल तर सिंधुदुर्गाच्या जागेसाठी त्याला बसता येत नाही.

सैनिक शाळा, म्हणजे आपल्याला जवळची साताऱ्याची, १९६१ ची, देशातली पहिली. सहावीसाठी वय ३१ मार्चला १० ते १२, नववीसाठी १३ ते १५. सहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते आणि ती ३०० गुणांची असते, त्यातले १५० एकट्या गणिताचे. त्यामुळे तयारीचा निम्मा वेळ गणितालाच द्या. नववीची मात्र इंग्रजीतूनच. मुलींना २०२१ पासून सगळ्या सैनिक शाळांत प्रवेश आहे आणि फौजींच्या मुलांसाठी राखीव जागाही आहेत. बेळगावला राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे, सावंतवाडीकरांना ते आंबोली चढून गेलं की जवळ पडतं. पण बाबा फौजेत म्हणून मुलानेही दहाव्या वर्षी वसतिगृहात जावं असा आग्रह नको. आधीच एक पालक लांब असलेल्या मुलाला आईपासूनही तोडायचं का, हे मुलाला विचारून ठरवा. ते नको म्हणालं तर नववीला पुन्हा संधी असते.

सोबत जाताना गावची चव न्या. एका कुटुंबाला सहा महिन्यांसाठी दोन किलो कुळथाचं पीठ, एक किलो मालवणी मसाला, अर्धा किलो आमसुलं एवढं पुरतं. आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली गाडीत फुटते किंवा गळते आणि कपड्यांवरचे डाग जात नाहीत. झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत घालून ती बादलीत उभी ठेवा.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण मुलाचं वर्ष वाया जातं ते याच्यामुळे.

मूल जन्मलं की जन्मदाखला युनिटमध्ये देऊन पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या कुटुंबाची सैन्यातली अधिकृत नोंद) निघाली का ते तपासा. जोवर ती निघत नाही, तोवर सैन्याच्या दफ्तरात ते मूल नाही. मग दाखला, आधार, पार्ट टू ऑर्डर आणि शाळेचं रजिस्टर या चारही ठिकाणी नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर सारखं आहे का पाहा. आपल्याकडे आणखी एक भानगड असते: लग्नानंतर बायकोचं पाळण्यातलं नावही बदलतात. तिच्या दहावीच्या सनदेवर एक नाव, फौजेच्या कागदावर दुसरं, मुलाच्या दाखल्यावर आईचं तिसरं. हे मूल लहान असतानाच निस्तरा: विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रात नावबदलाची जाहिरात. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहून हे होत नाही.

शाळा सोडताना दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, यूडायसवरचा (शाळांच्या सरकारी नोंदणीतला) विद्यार्थी क्रमांक आणि लसीकरणाचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या. परराज्यातल्या दाखल्यावर काही शाळा तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती तिथून निघण्याआधीच घ्या, नंतर दोन हजार किलोमीटरवरून ती मिळवणं म्हणजे महिन्याचं काम.

बाबांचा अधिवास दाखला रजेत काढून घ्या, सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार'वरून. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला मूल बाहेरून बारावी झालेलं असलं तरी आई किंवा वडील यांच्या अधिवासावर ते राज्याच्या कोट्यात येऊ शकतं. शिवाय ५ टक्के जागा संरक्षण दलांतल्यांच्या मुलांसाठी असतात, तीन गटांत: राज्याचे रहिवासी असलेले माजी सैनिक, रहिवासी असलेले सेवेतले सैनिक, आणि बाहेरचे पण इथे बदलून आलेले. वैद्यकीय प्रवेशाच्या अटी याहून कडक असतात, म्हणून तिकडे जायचं असेल तर नववीतच माहितीपुस्तिका वाचून दहावी-बारावी कुठून करायची ते ठरवा.

आणि हे सगळे कागद कोरडे ठेवा. जून ते ऑक्टोबर कोकणात कपाटातल्या कागदालाही बुरशी येते. लॅमिनेशन करू नका, मग शिक्का-सही होत नाही. चेन असलेल्या जाड प्लॅस्टिक फाइलमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाडात ज्यांची फाइल खालच्या कप्प्यात होती त्यांची सगळी कागदपत्रं चिखलात गेली. एक संच डिजिलॉकरमध्ये, एक मधल्या माणसाकडे.

दवाखान्याचं एका परिच्छेदात: सेवेतल्या जवानाच्या कुटुंबाला लष्करी रुग्णालय मोफत, पण किनाऱ्यावर ती टोकालाच आहेत, कुलाब्याला अश्विनी आणि वास्कोला जीवन्ती, घाटावर बेळगाव. रात्री मुलाला ताप-झटके आले तर आधी जवळच्या दवाखान्यात न्या, डॉक्टरांकडून 'तातडीची गरज होती' असा दाखला आणि सगळी मूळ बिलं घ्या, आणि युनिटला लगेच कळवा. उशिरा कळवल्यावर परतावा अडकतो.

हक्काचे पैसे

मुलांचा शिक्षण भत्ता जानेवारी २०२४ पासून महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे, पहिल्या दोन मुलांसाठी, बारावीपर्यंत. तो वर्ष संपल्यावर एकदाच मागायचा असतो. शाळाप्रमुखाचं मूल वर्षभर शाळेत होतं असं प्रमाणपत्र लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतून ते घ्या, मेमध्ये शाळा बंद असते. मूल घरापासून ५० किलोमीटरहून लांबच्या निवासी शाळेत असेल तर ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत वसतिगृह अनुदानही मिळतं.

बातम्या, अफवा आणि गावची चौकशी

मे २०२५ मध्ये ७ ते १० तारखेच्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत फौजींच्या घरांत टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होता, आणि मुलं समोर बसून होती. तसं पुन्हा होऊ देऊ नका. अशा वेळी दिवसातून एकदा, मुलं झोपल्यावर, पंधरा मिनिटं बातम्या बघा. मुलांना दोनच वाक्यं सांगा: बाबा त्यांचं काम करतायत, आणि काही कळलं तर मी तुला आधी सांगेन. 'काही होणार नाही' असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. मूल 'बाबा मरतील का?' असं विचारेल. दचकून गप्प करू नका. त्यांच्याबरोबर बरीच माणसं आहेत, त्यांना शिकवलेलं आहे, त्यांच्याजवळ डॉक्टर आहेत, आणि आपणही इथे बरेच जण आहोत, असं खरं ते सांगा.

वाडीत, एसटीत, देवळात लोक मुलालाच विचारतात, 'काय रे, बापूस कुठे असता सध्या?' मुलाला एक उत्तर पाठ करून द्या: 'नोकरीवर आहेत, आईला विचारा.' पोस्टिंगचं गाव, युनिटचं नाव, रजेच्या तारखा, गणवेशातले फोटो मुलांनी इन्स्टाग्रामवर टाकू नयेत. सैन्याने २०२० मध्ये जवानांना फेसबुक-इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं ते उगाच नाही. बाबांनी स्वतःची खाती बंद केली आणि मुलाने सगळं जगजाहीर केलं तर काय उपयोग?

मोठ्या मुलाला 'आता तूच घरातला कर्ता' असं म्हणणं थांबवा, कितीही प्रेमाने म्हटलं तरी. अकरा वर्षांच्या पोराने गणपती डोक्यावरून आणावा, आरतीला तबक धरावं, हे छान आहे. पण वीजबिल, काकांशी चाललेला बांधाचा वाद, आईचं रडणं हे त्याच्या खांद्यावर येऊ नये. ती मुलं वरून फार शहाणी दिसतात आणि आतून थकलेली असतात.

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून बाबा फील्डला आहेत हे सांगून ठेवा. २६ जानेवारीला मुलाला मंचावर उभं करायचं असेल तर आधी त्यालाच विचारावं अशी विनंती करा. काहींना ते आवडतं, काहींना अजिबात नाही.

मुलांना यातून काय मिळतं

खूप मिळतं, पण ते हाताने जमा करावं लागतं. प्रत्येक पोस्टिंगमधून तीन गोष्टी घ्यायच्या असा घरात नियम करा: तिथल्या भाषेतली पन्नास वाक्यं, मुलाला स्वतः करता येईल असा तिथला एक पदार्थ, आणि एका मित्राचा पत्ता. तेजपूरची मुलगी पिठा करायला शिकते, जोधपूरचा मुलगा बाजरीची भाकरी थापतो, आणि दहावीपर्यंत या मुलांना तीन-चार भाषांत भांडता येतं. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी कुणाशी बोलावं हे त्यांना कळतं. क्वार्टरमध्ये मणिपूर, केरळ, हरयाणाची मुलं एकाच नळावर पाणी भरतात. जातीपातीचा विखार त्यांच्यात सहसा रुजत नाही, हे आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

यासाठी गावाकडे एक कायमची जागा हवी. मुलाच्या नावाने आंब्याचं एक कलम लावा, पाणी-खत त्यानेच सुट्टीत घालावं. जुलैत लावणीला चिखलात उतरवा. पोहायला आठव्या वर्षापर्यंत शिकवा. मुलाला 'तू कुठला?' असं कुणी विचारलं तर चटकन गावाचं नाव सांगता आलं पाहिजे.

मदत कधी घ्यावी

बाबा गेल्यावर आठवडाभर मूल चिडचिडं असणं स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, शाळेच्या वेळी रोज पोट दुखत असेल, मोठं मूल दार लावून बसत असेल, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. घरात कठीण प्रसंग आला आणि युनिटपर्यंत पोचता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जा, अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला ती आहेत. जाताना बाबांचा सैन्य क्रमांक, हुद्दा आणि युनिट लिहिलेला कागद न्या. त्यावाचून कुणालाच काही करता येत नाही.

बाबा कायमचे घरी येतात तेव्हा

याची तयारी कुणीच करत नाही. बरेच जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात, तेव्हा मुलं दहा ते पंधरा वर्षांची असतात. रजेवरचे बाबा पाहुणे होते, आता ते रोजचे आहेत. युनिटमध्ये शंभर माणसं ज्यांचं ऐकायची त्यांचं घरात नववीतली मुलगी ऐकत नाही. पहिलं वर्ष घर आईनेच चालवावं, बाबांनी विचारून हात घालावा. त्यांना घराबाहेरचं काम लागलेलं बरं: बाग, दुसरी नोकरी, ग्रामपंचायत, गावच्या पोरांना भरतीसाठी पळवणं.

याच वर्षात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा आणि ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड करा. त्यावर मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमावता होईपर्यंत राहतो, मुलगी लग्न किंवा नोकरी होईपर्यंत. पंतप्रधान शिष्यवृत्ती फक्त माजी सैनिकांच्या मुलांना आहे, सेवेत असताना मिळत नाही. बारावीला किमान ६० टक्के हवेत, व्यावसायिक पदवीच्या पहिल्याच वर्षी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा; मुलींना महिना ३,००० रुपये, मुलांना २,५००. दुसऱ्या वर्षाला अर्ज घेत नाहीत. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत वेगळं शैक्षणिक अनुदान मिळतं, नोव्हेंबर २०२५ पासून महिना २,००० रुपये. त्यासाठी मागच्या इयत्तेची गुणपत्रिका, डिस्चार्ज बुकाची सगळी पानं आणि मुलाचं नाव असलेली पार्ट टू ऑर्डर लागते.